हुकूमशहाच्या नावाचे थेंब

डार्मश्टाट, रविवार

जयंतास,

आधी नमस्कार आणि मग भांडण, असा पत्राचा क्रम इनामदार मास्तरांनी आपल्याला सातवीत शिकवला, म्हणून नमस्कार. तुझी साखर आटोक्यात असेल, वहिनींचे गुडघे बरे असतील. माझी विचारपूस करू नकोस. माझी आजची अवस्था तुझ्यामुळे आहे.

कण्याच्या ऑपरेशननंतर डाव्या पायात जी कळ राहिली, तिच्यावर इथल्या डॉक्टरीणबाईंनी मेथॅडोनचे थेंब दिले. मी ते नाव हौसेने तुला कळवलं. दुसऱ्याच दिवशी तुझा मेसेज, लाल अक्षरांत: हे औषध हिटलरच्या हुकमावरून बनलं, त्याच्याच अडॉल्फ नावावरून त्याला डोलोफिन म्हणतात, दहा जणांना पाठवा. मी शाळेत स्वातंत्र्याच्या कविता चालीवर म्हणून बक्षीस मिळवलेला माणूस. (ती चाल अजून येते मला. ट्रामची वाट पाहताना गुणगुणतो, तेव्हा शेजारची माणसं जरा सरकून उभी राहतात.) मी थेंब बंद केले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढच्या तपासणीला, भरलेल्या वार्टेझिमरमध्ये (म्हणजे दवाखान्यातली पेशंटांची थांबायची खोली) उभा राहून मी खड्या आवाजात इंग्रजीतून जाहीर केलं, की हिटलरचं औषध मी घेणार नाही. जयंता, इथे जर्मनीत ते नाव असं चारचौघांत कुणी मोठ्याने घेत नाही. अकरा माणसं एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागली. सूनबाईसुद्धा.

मग थेंब नाहीत म्हणून कळ, कळ म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून विमानप्रवासाला डॉक्टरांचं पत्र नाही. बारा तारखेचं तिकीट रद्द झालं. सुधीर म्हणतो, "बाबा, तीन जिने एकट्याने चढून दाखवा, मग खुशाल मिरजेला जा. नाहीतर ते घर भाड्याने देऊ, तुम्ही इथेच राहा." इथे म्हणजे, रविवारी भिंतीत खिळा ठोकायचीही बंदी असलेल्या इमारतीत.

शेवटी स्वरालीने (सूनबाई विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करते, आणि रागावली की फार हळू बोलते) मला समोर बसवलं. "अहो बाबा, हे इथून पाऊण तासावरच्या कारखान्यात तयार झालं, महायुद्धाच्या आधी. तेव्हा त्याला नुसता नंबर होता. डोलोफिन हे नाव युद्धानंतर अमेरिकन कंपनीने दिलं. ते लोक हिटलरचं नाव कशाला ठेवतील?" त्या नावाच्या मुळाशी, बहुतेकांच्या मते, दोन जुने शब्द आहेत: वेदना आणि शेवट. वेदनेचा शेवट. अरे, अख्ख्या औषधांच्या दुकानात एकच कविता होती, आणि तिच्यावर तू मिशा काढल्यास. दहा दिवस मी कण्हत पडलो, तेही तत्त्वासाठी, आणि तत्त्व मुळात नव्हतंच.

तुझा (नाइलाजाने),
पद्माकर

ता. क. थेंब गुरुवारपासून पुन्हा सुरू आहेत. काल दोन जिने चढलो. तिसऱ्याच्या मध्यावर बसलो, पण ते कुणी पाहिलं नाही.

ता. क. २. सुधीर या आठवड्यात तुला फोन करील. तिकडे एकटा असताना मी कधी पडलो होतो का, असं विचारील. न्हाणीघरातलं, पोस्टासमोरचं आणि तू रिक्षा करून दवाखान्यात नेलंस ते, तिन्ही फक्त तुलाच ठाऊक आहेत. कधीच नाही, असं ठाम सांग. धादांत खोटी गोष्ट इतक्या खात्रीने पोचवणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.