तीर्थाचं पाणी

१६ जाने. ९२
नळाला पुन्हा वास. त्याच्या तोंडाला फडकं बांधलं होतं, त्यात एक बारीक अळी वळवळताना सापडली. शी. मुंबई सोडून मीरा रोडला आलो ते हवा चांगली म्हणून. हवा काय चाटायचीय? पाणी टँकरचं, ते ओततात जमिनीखालच्या टाकीत, आणि तिला खेटून संडासाची टाकी. ती ह्या आठवड्यात दुसऱ्यांदा तुंबून वाहिली. हे म्हणतात, "सगळीकडे असंच असतं."

सवि परवा आली. सातवा सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. आल्या आल्या माठाकडे वळली. मी हातातलं भांडं काढून घेतलं, तर रुसली.

२० जाने.
तळमजल्यावरच्या शाहबेनच्या मुलाला कावीळ. दुसऱ्या मजल्यावर आणखी दोघं. शाहबेनच्या सोबतीला गोडदेवला गेले, एक म्हातारी मंतरलेली माळ देते. म्हणाली, "कावील उतरंल तशी माल लांब व्हईल. डाक्टर न्हाय लागत." माळ बेंबीपर्यंत आलीसुद्धा. पोराचे डोळे हळदीचे ते हळदीचेच.

२२ जाने.
सविला तपासायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवून मला एकटीला आत घेतलं. इतरांची कावीळ बहुतेक आपोआप उतरते. ह्या पाण्याची कावीळ शेवटच्या महिन्यांत पोटुशीला झाली, तर आई जाऊ शकते, मूलही. "उकळलेल्या पाण्याशिवाय एक थेंब नको." पाण्यात असतं तरी काय, विचारलं. "संडासाचं पाणी मिसळतंय, मावशी."

म्हणजे आम्ही अख्खी बिल्डिंग एकमेकांचं... लिहवत नाही. घरी येऊन खळखळून चुळा भरल्या. त्याच पाण्याने.

२३ जाने.
सेक्रेटरी प्रधानांना म्हटलं, टाकी उपसा. "वहिनी, सव्वीसला सोसायटीचा सत्यनारायण. माणसं येणार, पाणी लागणार. पूजा होऊन जाऊ दे." मंडपाला झालर मिळते, सनईची कॅसेट मिळते, टाकीत उतरायला माणूस मिळत नाही. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय.

सविला सासरी, दादरला पाठवू म्हटलं तर ह्यांचा पारा चढला. "पहिलटकरीण परत पाठवली तर लोक तोंडात शेण घालतील." घालू देत की. सध्या आपल्या तोंडात जातंय त्यापेक्षा शेण बरं.

२६ जाने.
पूजा. मी शिऱ्याचं पातेलं उतरवत होते. मान वर केली तर सविच्या ओंजळीत तीर्थ. प्यायली, ओला हात डोक्यावरून फिरवला, झालं. पळी प्रधानवहिनींच्या हातात. हसून म्हणाल्या, "बाळालाही पोचलं."

पाणी कुठलं?
"खालच्या पंपाच्या नळाचं. ताजं भरलंय."
उकळलं होतं?
"तीर्थ कुणी उकळतं का?"

चारचौघांत ओरडले. सगळे माझ्याकडेच असे बघायला लागले, जणू घाण मी केलीय. सविला मोरीत नेऊन म्हटलं, ओकून टाक. ती रडायला लागली. "देवाचं आहे गं, आई." देवाचं! त्या पळीची, त्या तांब्याची शिसारी आलीय मला. त्यात तरंगणाऱ्या तुळशीचीसुद्धा. देवाने क्षमा करावी, नाही तर न करावी.

२७ जाने.
वाटेत डॉक्टरीणबाईंना विचारलं. आता करण्यासारखं काही नाही. झालीच तर महिना-दीड महिन्याने दिसेल, नाही तर नाही. सविला दादरला पोचवलं. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "इतक्यात जड झाली का लेक?" सगळं सांगितलं. त्यांनी सविच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून मोरीत उपडी केली. बाईबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. हे माझ्याशी बोलत नाहीत.

१५ फेब्रु.
टाकी उपसली एकदाची. तळाला वीतभर गाळ, कुजलेला उंदीर, कुणाचं तरी बनियन. भिंतीला चीर, तिच्यातून काळं पाणी झिरपतंय. प्रधान नाकाला रुमाल लावून, "तरी तीर्थाने कुणाला काही झालं नाही ना!" शाहबेनचा मुलगा शाळेत जायला लागला. श्रेय माळेला. मला अन्न जात नाही, सारखं ते बनियन आठवतं. सविचं ठीक आहे, विहीणबाई म्हणतात. अजून दिवस आहेत.

६ मार्च
संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पीसीओतून दादरला फोन. विहीणबाई म्हणाल्या, दोन दिवस सविला अन्न नको झालंय, फोडणीच्या वासाने मळमळतं. नववा आहे, होतं असं. मी म्हटलं, डोळे बघा. रिसीव्हर ठेवून आत गेल्या. मीटर पळत होता. पीसीओवाला, "आंटी, और लोग खड़े हैं." खडे रहो.

परत आल्या. "आमचा बल्ब पिवळा हो, त्यात सगळंच पिवळं दिसतं. टॅक्सी बोलावलीय. दवाखान्यातल्या ट्यूबखाली कळेल."

घरी आले. हे दारातच उभे होते. महिन्याभरात पहिल्यांदा तोंड उघडलं, "काय म्हणाल्या?" डोळ्यांचं काही कळत नाही म्हटलं. त्यांनी वर मान न करता चपला घातल्या.

निघतोय.