अपुऱ्या प्रकाशातली गोलंदाजी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पत्रातच ठेवतो. प्रत्यक्ष वाकलो तर पाय तुझे की भावोजींचे, हे हल्ली नीट कळत नाही.) तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमच्या शेजारणीची जीभ, यांपैकी कशाला उतार पडला ते कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे तुझी भावजय खुशाल आहे, दुकान चालू आहे, आणि माझ्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी ठरली आहे. पण पत्राचं कारण ते नाही. पत्राचं कारण आपली गोलंदाजी. त्याच गुरुवारी मालिकेतली शेवटची कसोटी सुरू होते आहे, मालिका बरोबरीत आहे, आणि आपला एकुलता एक धड वेगवान गोलंदाज घोट्याला पट्टी बांधून घरी बसला आहे. आता अशा वेळी माणसाने कशाकशाची काळजी करायची?

तुला माझं दुकान माहीत आहे. पुढे काउंटर, मागे भिंतभर घड्याळं (प्रत्येकाची वेळ वेगळी, बरोबर वेळ दाखवत असती तर दुरुस्तीला आलीच कशाला असती), आणि त्यांच्या मधोमध टीव्ही. कसोटी सुरू झाली की समोरचा शिंपी आपलं स्टूल घेऊन येतो आणि कुणाचा तरी शर्ट मांडीवर घेऊन काजं करत बसतो. दुसरे आमचे सरासरीकाका, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना स्वतःच्या बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण कुठल्या गोलंदाजाला कुठल्या मैदानावर बळी किती धावांना पडला, ते झोपेतून उठवून विचारा. शिंपी फिरकीचा भक्त. त्याच्या मते वेगवान गोलंदाज म्हणजे फिरकीवाल्यांसाठी चेंडू जुना करून द्यायला ठेवलेली माणसं. माझं मत तुला ठाऊकच आहे, कारण ते तुझ्यामुळेच बनलं. लहानपणी अंगणात तू ज्या वेगाने चेंडू टाकायचीस, तो ज्याने बरगड्यांवर खाल्ला आहे तो फिरकीच्या नादी जन्मात लागायचा नाही. (गोलंदाजही तूच आणि पंचही तूच. दाद मागायची कुणाकडे?) काका आम्हा दोघांच्या मध्ये बसून दोन्ही बाजूंना आकडे पुरवतात. आगीत तेल, पण मापून.

तर गेल्या कसोटीत, चौथ्या दिवशी, चहापानानंतरची गोष्ट. समोरचे दोन फलंदाज खुंटा ठोकल्यासारखे उभे, आणि आपला कप्तान दोन्ही टोकांनी फिरकी लावून निवांत. मला राहवेना. मी म्हटलं, अरे, एवढं अंधारून आलंय, फलंदाजाला चेंडू दिसत नाहीये, आणि हा शहाणा वेगवान गोलंदाजांना सीमारेषेवर गवत राखायला उभं करतोय! द्या नवा चेंडू त्यांच्या हातात, आत्ता खेळ खलास होतो. मग मी पंचांवर घसरलो. इतक्या अपुऱ्या प्रकाशात खेळ चालू ठेवतात म्हणजे काय, उद्या कुणाचं नाक फुटलं तर जबाबदार कोण, निदान दिवे तरी लावा. मी आपला बोलतोय, बोलतोय, आणि कुणी उलटून बोलेना. आमच्या दुकानात कसोटी चालू असताना शांतता पसरणं हे कुणी गेल्याशिवाय होत नाही. शिंप्याची सुई काजातच थांबली होती. शेवटी काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "अहो, ऊन आहे की. चांगलं कडक ऊन आहे. स्लिपमधल्याने काळा चष्मा घातलाय."

मी हसण्यावारी नेलं. टीव्हीची काच पुसली. मग चष्मा पुसला. मग डोळ्याला लावायचं भिंग पुसलं आणि समोरचं उघडं घड्याळ पाहायला गेलो, तर तिथेही पंचांनी खेळ थांबवावा अशीच परिस्थिती. ताई, डावा डोळा माझा पहिल्यापासून राखीव खेळाडू. संघात नाव आहे, पण मैदानात कधी उतरला नाही. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवायची, ती आजवर उजव्याच्या जिवावर. तो गेला तर मला घड्याळं विकता येतील, उघडता येणार नाहीत. लोक म्हणतात मोतीबिंदू म्हणजे आजकाल काहीच नाही. ज्याचा डोळा त्याला विचारा. मला भीती वाटते ग.

आणि खरी धडकी तर दुसऱ्या दिवशी भरली. शिंपी आला, स्टूल टेकवलं आणि म्हणाला की विचार केला तर तुमचंच बरोबर आहे, शेवटच्या कसोटीत तीन वेगवान गोलंदाजच हवेत, फिरकीवाला एक असला काय नि नसला काय. हा माणूस कोण, तर स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना सोडून माझ्याशी फिरकीवरून भांडत बसलेला! काकांनी लगेच माझ्या बाजूचे आकडे काढले, आणि फक्त माझ्याच बाजूचे. घरी आलो तर तुझी भावजय, जिला पायचीत म्हणजे काय हे मी लग्नापासून समजावतो आहे, ती म्हणते, तुम्ही निश्चिंत राहा, आपला मारा चांगला भक्कम आहे. अग, आजारी माणसाला लोक फळं आणून देतात. मला हे लोक माझीच मतं आणून देतायत. इतकं गंभीर असेल का?

डॉक्टरांकडचा प्रकार लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालून मला बाकावर बसवलं होतं. सगळं जग दुधात बुडालेलं. शेजारी चहाचा कप घेऊन कुणी गृहस्थ येऊन बसले. विषय अर्थातच निघाला, आणि ते म्हणाले की घोटेवाला नसेल तर सरळ दोन फिरकी गोलंदाज खेळवावेत. ताई, इतक्या दिवसांनी माझ्या विरुद्ध बोलणारा माणूस भेटला! आनंदाच्या भरात मी त्यांना सोलून काढलं. तुमच्यासारख्यांनीच संघ बुडवला म्हटलं, डोळे नुसते असून भागत नाही म्हटलं, समोरचं दिसावं लागतं म्हटलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि उठून गेले. थोड्या वेळाने मला आत बोलावलं, आणि यंत्रापलीकडून तोच आवाज म्हणाला, "हनुवटी इथे टेकवा."

ते रागावलेले दिसले नाहीत. (अर्थात मला काय दिसत होतं म्हणा.) पण जाता जाता म्हणाले की शस्त्रक्रिया करताना मी बारीक आवाजात रेडिओवर सामन्याचं वर्णन लावतो, हात स्थिर राहतो, तुमची काही हरकत? मी ऐटीत म्हटलं, लावा की. जिना उतरताना डोक्यात उजेड पडला. गुरुवारी सकाळी म्हणजे कसोटीचा पहिला तास. नवा चेंडू. माझ्या डोळ्यात डॉक्टरांचं हत्यार, आणि तेवढ्यात बळी पडला तर? माणूस आहे, उडी नाही मारली तरी दचकेल तर खरा! पहिल्या तासात बळी मिळावा म्हणून आयुष्यभर जीव टाकणारा मी आता उठता-बसता हेच घोकतोय, की बाबांनो, तासभर कुणालाही बाद करू नका. आपली गोलंदाजी दुबळी आहे याचा मला जन्मात पहिल्यांदा आधार वाटतो आहे. (नाणेफेक जिंकून आपणच फलंदाजी घेतली तर काय, हा विचार मी मुद्दाम करत नाही.) आणि डोळ्याच्या आतल्या नाजूक कामाला तुझ्यासारख्या तोफखान्यापेक्षा फिरकीवाला हात बरा, असंही एकदा मनात येऊन गेलं. हे शिंप्याच्या कानावर जाता कामा नये.

बाकी सर्व ठीक. तू काळजी करू नकोस. एवढ्याशा गोष्टीसाठी दुखरे गुडघे घेऊन इतक्या लांब येण्याची तर मुळीच गरज नाही, इथे करायला सगळे आहेत. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. बुधवारी सकाळच्या गाडीला गर्दी नसते आणि खिडकीची जागा मिळते, असं काका सांगत होते. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत डोळ्यावर पट्टी राहणार, म्हणजे पहिल्या दिवसाचा खेळ मला कुणीतरी बघून सांगावा लागणार. परवा सराव सामना लागला होता, तेव्हा डोळे मिटून बसून आम्ही रंगीत तालीम केली. तुझी भावजय प्रत्येक चेंडूला "छान टाकला" म्हणते. काका फलंदाजाची सरासरी सांगेपर्यंत षटक संपतं. आणि शिंप्याने, मला बरं वाटावं म्हणून, न पडलेले दोन बळी पाडून दाखवले.

ता. क. शेवटचा. म्हणून म्हणतो, ये. तू आजवर माझ्या एकाही म्हणण्याला हो म्हटलेलं नाहीस. अंगणात मी बाद असलो तर बाद, मग मी कितीही रडलो तरी. गुरुवारी माझ्या उशाशी बस आणि जे दिसेल ते सांग. चेंडू वळला तर वळला म्हण, झेल सुटला तर सुटला म्हण. आणि त्याच्या आधी डॉक्टर बाहेर येऊन तुला जे काही सांगतील, तेही मला तसंच सांग.