गिटार कशासाठी?

मुरुम, गुरुवार, संध्याकाळ

सडा टाकला, पाणी भरलं, दूध तापवलं, डाळ निवडून ठेवली, तरी उन्हं अंगणात आली नव्हती. हे होते तेव्हा तेवढ्याच कामाला दुपार व्हायची. सारखी यांची हाक असायची ना.

आज गिटारच्या क्लासमध्ये मॅडमनी सगळ्यांना विचारलं, गिटार कशासाठी शिकायची? एका पोरीला गॅदरिंगमध्ये वाजवायचीय. बँकेतल्या साहेबांना बायकोपुढं मिरवायचंय. सगळे हसले. माझी पाळी आली तर 'अशीच' म्हणाले. काय सांगणार होते?

संक्रांतीपासून गल्लीत रोज कुणाकडं तरी हळदीकुंकू असतं. विधवेला बोलावणं नसतं. त्याची आता सवय झालीय. पण क्लास लावायच्या आधी बायका नटून दारावरून जायच्या, तेव्हा माझे हात नुसते मांडीवर पडलेले असायचे. क्लास नेमका त्याच वेळेला असतो. एवढ्यासाठीच शिकते का मी? चालेल का एवढं कारण?

मघाशी धाकटी जाऊ आली. म्हणाली, "अक्का, उद्या हळदीकुंकवाला जायचंय. नातवाला तुमच्याकडं ठेवते. तुम्ही काय, घरीच असता."

"माझा क्लास असतो गं."

"या वयात ऑर्केस्ट्रात जाताय व्हय?"

ती हसली, मीही हसले. हो म्हणाले नाही, नाहीपण म्हणाले नाही.

घरीच असता! किती सहज म्हणाली.

शुक्रवार

जाऊ नातवाला घेऊन आली तेव्हा मी दाराला कुलूप लावत होते. "मलाही जायचंय," म्हणाले आणि गिटार उचलून क्लासला गेले.