जुईच्या अल्बमात माझा आवाज

शुक्रवार, संध्याकाळ

माझी गादी अजून भिंतीवरच टांगलेली आहे. नातीनं, जुईनं, खोलीत आवाज घुमू नये म्हणून ती खिळ्यांनी ठोकली, तिथंच आपल्या गाण्यांचा अल्बम रेकॉर्ड केला, आणि म्हातारी महिनाभर सतरंजीवर!

आज संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या खमरिया वसाहतीतल्या बायकांपुढे तिनं तो लावला. गिटार म्हणजे पत्र्यावर माकडं नाचून राहिली. बायका नुसता तिळगूळ चघळत होत्या. पाचव्या गाण्यात मधेच माझा आवाज: "गादी नेली! आता सुनेच्या हातची बेचव भाजी खाऊन सतरंजीवर मरू का?"

बायका खो खो हसल्या. "जुई, यही फिर से लगाओ!" तीनदा लावलं. सून हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभीच.

"काहून टाकलं गं?" मी विचारलं.

"आजी, तेवढंच खरं वाटत होतं."

बाकी गाण्यांबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. कार्टी रडली. रडू दे. मी खोटं बोलले काय? भाजी बेचवच असते. पण वीस वर्षांत सुनेच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

सून जेवली नाही. नागपूरहून तिच्या आईचा फोन दोनदा वाजून गेला; बातमी तिथवर पोचलीच असणार. आता वाजला तर जुईनंच उचलायचा. बोलणं माझं असेल, अल्बम तिचा आहे.