मामूंचा बुश

सातारा, ४ जानेवारी २०२४

आदरणीय मुजीबमामूंना जीनतचा सलाम, विनंती विशेष.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. अम्मी बरी आहे. अब्बांची एकाहत्तर सालची बुलेट दुरुस्त करून तिच्यावरून आपल्याला एकदा कोयनानगरच्या कॉलनीत न्यावे, जिथे त्या दोघांचा संसार सुरू झाला, असे तिने महिन्याभरात चौथ्यांदा सुचवले.

इथल्या अर्जुना मिस्त्रींनी इंजिन खोलले आहे. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला पूर्वीसारखा साध्या धातूच्या कडीचा बुश बसवायचा की रोलर बेरिंग, असे ते विचारतात. बुश असेल तर तो तुमच्याच लेथवरचा हवा. काय करू?

तुमची जीनत

सांगली, १० जानेवारी

चि. जीनतला मामूची दुवा.

मेहरुनला, तुझ्या अम्मीला सांग, मागं बसायचं तर आधी वजन कमी कर.

बेरिंगच घाल. बुश लय गोड चालतो, पण त्याला तेल सतत लागतं. बेरिंग जरा उपाशी राहिलं तरी तग धरतं. आणि माझा बुश तर नकोच. सहा वर्षांमागं मी केलेला हजार किलोमीटरात जाम झाला, तू कोयनेच्या रस्त्यावर अडकलीस. आत फिरायला गॅप कमी ठेवला असणार. हाताचा अंदाज गेला. तवापासनं एक बुश केला न्हाई. पंपाच्या पुल्या करतो, तिथं चुकलं तर कुणी घाटात अडकत न्हाई.

तुझा मामू

सातारा, १६ जानेवारी

आदरणीय मामूंना सलाम.

तुम्ही बुश करणे सोडले हे मला माहीत नव्हते. पत्र वाचून त्या दिवसाचे रोजनिशीचे पान काढले. त्यात ‘बुश जाम झाला’ एवढेच आहे.

जे लिहिले नाही ते असे. पाटणला मी इंजिनातले तेल मोजायची काडी काढून पाहिली होती. टोकाला जेमतेम ओल होती. एका लग्नाला उशीर होत होता, म्हणून कोयनेला पोचून भरू म्हटले. नंतर तिथल्या मिस्त्रीने बुश घट्ट होता असे सांगितले आणि मी गप्प राहिले. तुमचा हात चुकला नव्हता.

बेरिंग घातले तर हे कधीच सांगावे लागणार नाही, असेही परवा मनात आले होते. तेही तुम्हांला कळावे.

लोभ आहे का, हे विचारायचा धीर नाही, तरी विचारते.

जीनत

सांगली, २ फेब्रुवारी

जीनत,

सहा वर्षं मी माझ्या हाताला शिव्या घातल्या गं, आणि तू वहीत वळणदार अक्षर काढत बसलीस. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. तिसऱ्या दिवशी गनमेटलचा तुकडा लेथला लावला.

पहिला बुश सैल झाला. दुसरा तिरका. हात थरथरतो हे खरंच हाय, पण हत्यार लावलं की थांबतो. हे मला ठाऊकच नव्हतं. तिसरा बरोबर उतरला. एसटीनं पाठवलाय. अर्जुनाला सांग, घासायचा न्हाई, हाय तसा बसव.

पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर पळवू नको. रोज काडी काढून बघ आणि वहीत लिही. कमी असंल तर कमी लिही.

लोभ हाय. विचारायचं कशाला.

मामू

कोयनानगर, १७ मार्च

आदरणीय मामूंना सलाम.

पाटणला काडी काढली. तेल थोडे कमी होते. भरले. अम्मीने तेवढ्यात दोन भजी जास्त खाल्ली, हेही वहीत लिहिले आहे. परतताना सांगलीला येतो. इंजिनाचा आवाज ऐकू आला नाही तरी बुलेटच्या टाकीवर हात ठेवून पाहा.

तुमची जीनत