खुराड्यावर नेब्रास्काचा शिक्का

आयोवा, २ ऑक्टोबर

आदरणीय वेंडेलदाजींना धाकट्या मेव्हण्याचा, ग्रोव्हरचा, मनापासून नमस्कार.

आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा आणि आर्डिथताईचा दमा कसा आहे ते कळवा. तीन वर्षांत पत्र नाही, फोन नाही, तेव्हा माझं अक्षर बघून कोणी गेलं की काय असं मनात आणू नका. सगळे जिवंत आहेत. त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुम्ही माझ्या पुढच्या दारच्या पोर्चकडे बोट दाखवून "हा खचून बसणार" म्हणालात आणि मी भरल्या ताटावरून तुम्हाला जे काही बोललो (नकाशांवर शिक्का मारून पोट भरणारा वगैरे), तो विषय मी काढत नाही. पोर्च मजेत आहे.

लिहिण्याचं कारण असं की माझं डोकं फिरलंय. तुमच्या नेब्रास्कात एल्म फोर्ड नावाचं गाव आहे. शाळा ओढ्याच्या एका काठाला आणि खेळाचं मैदान दुसऱ्या काठाला, इतकी अक्कल खर्चून ते वसवलेलं आहे. आता पोरांसाठी मधे लाकडी पूल हवाय, त्याचं टेंडर चौदा तारखेला दुपारी दोनला उघडेल. काम मिळालं नाही तर माझ्या सहाही माणसांना हिवाळाभर घरी बसवावं लागेल. त्यातला हँक तर आमच्या वडिलांच्या वेळचा. त्याला हे कोणत्या तोंडाने सांगू?

नकाशा मीच काढला. एकतीस वर्षं पूल बांधतोय, त्यातला एकही अजून परत आलेला नाही. पण टेंडरात अट घातलीय की नकाशावर नेब्रास्काचा परवाना असलेल्या इंजिनिअरचा शिक्का पाहिजे. आमचा इथला इंजिनिअर हौगन आयोवाचा, त्याचा शिक्का सरहद्दीवरच्या मिसुरी नदीपर्यंतच चालतो. म्हणजे नदीच्या अलीकडे जो ओकचा वासा वजन पेलतो, तो ट्रकमधून पलीकडे नेला की अंग टाकतो, असं सरकारी शास्त्र आहे. म्हटलं ठीक आहे, सिमेंटचा मिक्सर भाड्याने आणतो, तसा शिक्काही आणू.

आधी ओमाहाला गेलो. दहाव्या मजल्यावर तिघं भेटले, तिघांचे बूट असे की चिखलाची आणि त्यांची कधी ओळख झालेली नसावी. त्यांनी मला अदबीने समजावलं की दुसऱ्याच्या नकाशावर नुसता शिक्का मारणं कायद्यात बसत नाही, काम त्यांच्या देखरेखीखाली व्हायला हवं, तेव्हा सगळं पहिल्यापासून करू, दहा आठवडे लागतील. मी म्हटलं, टेंडर तीन आठवड्यांवर आलंय. त्यावर त्यांनी मला कॉफी दिली. तीही पातळ.

मग कोणीतरी प्रुइट नावाच्या इंजिनिअरचं नाव सांगितलं. त्याचं ऑफिस म्हणजे हायवेवरच्या खानावळीतलं कोपऱ्याचं टेबल. माणूस मात्र कामाचा वाटला. डाव्या हाताने गोड रुबार्ब-पाईचा तुकडा खात होता आणि उजव्या हाताने शिक्के हाणत होता. दीड मिनिटात माझ्या नकाशांची गुंडाळी संपली. पूल कुठे आहे, कशाचा आहे, काही नाही. (मला तर भरून आलं. म्हटलं, हा खरा इंजिनिअर.) घरी आल्यावर आमच्या बायकोने, लोरीनने, पानं मोजली. माझी पाच, गुंडाळीत निघाली सहा. सहाव्या पानावर तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याचा पेन्सिलीने काढलेला नकाशा होता. तिनेच तो मुद्दाम आत सारला होता. खाली प्रुइटची सही, तारीख आणि नेब्रास्का राज्याचा गोल शिक्का.

"माझं खुराडं याने पूल म्हणून पास केलंय," ती म्हणाली. "आणि याच्या भरवशावर तू लोकांची पोरं ओढ्यावरून नेणार?"

मी म्हटलं, निदान कोंबड्यांची तरी सोय झाली. त्या दिवशी जेवणात मला मीटलोफ गार मिळाला. दुसऱ्या दिवशी तिने परवाना मंडळाला फोन लावला, तर प्रुइटचा परवाना दोन वर्षांपूर्वीच संपलेला.

तिसरी मिस कुचेरा. ती फोनवरच भेटली. आवाजावरून वय माझ्या हातोडीपेक्षा कमी. तिने पुलाचं काही विचारलंच नाही, एवढंच विचारलं, "ओढा तुम्ही स्वतः मोजलात का?" मी सांगितलं, गावाने दिलेल्या कागदावर रुंदी आहे. तर म्हणते, कागद कधीचा आहे? मी फोन आपटला. जन्मात खिळा ठोकला नसेल आणि मला टेप धरायला शिकवते. दाजी, हे सगळे इंजिनिअर एकाच माळेचे मणी. (तुम्ही सोडून. हे लोरीन शेजारी बसून लिहायला लावते आहे.)

असो. मन हलकं झालं. ताईला माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
ग्रोव्हर

ता.क. फोन आपटल्यावर मी त्या पोरीला खोटं पाडायला टेप घेऊन एल्म फोर्डला गेलो. गावाचा कागद मागच्या पुराच्या आधीचा निघाला. पलीकडचा काठ खचलाय. माझा पूल चार फूट तोकडा पडत होता. हे फक्त हँकला माहीत आहे, कारण टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. त्याने मयतीला काढतात तशी टोपी काढली.

आणखी एक. मी मिस कुचेराला पुन्हा फोन केला. तिला महिनाभर सवड नाही, पण ती ज्यांच्या हाताखाली शिकली त्यांचं नाव तिने दिलं. म्हणाली, त्यांच्याइतका काटेकोर माणूस नेब्रास्कात नाही. मी म्हटलं, ऐकून आहे. दाजी, नवा नकाशा सोबत जोडलाय. मी शिक्का मागत नाही. आधी तपासा. हवी तेवढी लाल पेन्सिल फिरवा, पहिल्यापासून काढायचा तर पहिल्यापासून काढा. ओढा बघायचा असेल तर मी ट्रक घेऊन येतो, तुमच्या गुडघ्याला त्रास होऊ देणार नाही. फक्त चौदा तारखेच्या आत.

आणि शेवटचं. पोर्च मजेत आहे हे खोटं नाही. मार्चमध्ये तो बसला, आणि त्याच्याच फळ्यांचं लोरीन खुराडं बांधते आहे. ताईला घेऊन याल तेव्हा मागच्या दाराने या.