बाळाच्या धाग्यातला सांधा

माझ्या लाडक्या उम्मी, ट्युनिसहून तुझ्या लेकीचा, वसीलाचा सलाम.

मी पोटभर जेवते, काळजी करू नकोस. तुझा जावई नाजी मला एकटीला जिनाही उतरू देत नाही. बाबांचा खोकला थांबला का?

ज्या आजाराने माझ्या भावाचे, आपल्या शादलीचे पाय गेले आणि मग तोही गेला, तो पोटातल्या बाळाला आहे का, हे डॉक्टर सुआद तपासत होत्या. माझ्या डीएनएत एक धागा तुझा, एक बाबांचा. माझ्याकडून बाळाला मिळालेल्या धाग्यात दोघांचे तुकडे एका सांध्यावर जोडले गेलेत, आणि दोष तुझ्या धाग्यात आहे.

"सांधा दोषाच्या अलीकडे की पलीकडे, तेच शोधतोय," त्या म्हणाल्या.

"आणि नाहीच सापडला तर?"

त्यांनी पुन्हा येण्याची तारीख लिहून दिली. घरी नाजी म्हणाला, "चल गं, पाळणा तरी बघून येऊ." मी त्याच्यावर केवढी ओरडले!

आज सांधा सापडला. दोषाच्या जागी बाबांचा तुकडा आलाय. बाळाला तो आजार नाही. बाकीचा धागा तुझाच आहे उम्मी, तो चांगला आहे. रडू नकोस.

पण माझ्या बहिणीला, रीमलाही दिवस गेलेत ना? तोच दोष तिच्याकडेही आला असेल, तिला लगेच इकडे तपासायला पाठव. कारण सांगू नकोस, मी तिचा हात धरून सांगेन.

तुझ्या कपाळाचा मुका घेते.

तुझी वसीला